कर्जाच्या करारात शाळा आणि दवाखाना नेमके कुठे असतात?

एखाद्या गरीब देशाने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून कर्ज घेतले की तिथली शिक्षकभरती थांबते आणि सरकारी दवाखान्यात पैसे मोजावे लागतात, अशी तक्रार आफ्रिका, लॅटिन अमेरिका आणि आशियातील अनेक देशांतून गेली चाळीस वर्षे ऐकू येते. नाणेनिधीचे उत्तरही तितकेच जुने आहे. आम्ही कोणत्याही सरकारला शाळा बंद करा किंवा परिचारिका कमी करा असे सांगत नाही, कोणत्या खात्यावर किती खर्च करायचा हे ते ते सरकारच ठरवते, असे नाणेनिधी म्हणतो. करारांची कागदपत्रे वाचली तर हे उत्तर बहुतेक वेळा शब्दशः खरे निघते, आणि अनेक देशांतील शाळा-दवाखान्यांचे हाल पाहिले तर तक्रारही खरी निघते. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, हे कळले की हा विषय बराचसा कळला.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगितलेले बरे. कर्जाच्या करारात आरोग्य आणि शिक्षण यांचे भवितव्य त्यांच्या नावाने असलेल्या परिच्छेदात ठरत नाही. ते तुटीच्या मर्यादेत, वेतनखर्चाच्या मर्यादेत आणि व्याजाच्या रकमेत ठरते, म्हणजे जिथे ‘शाळा’ आणि ‘दवाखाना’ हे शब्दच नसतात अशा आकड्यांत ठरते. म्हणून हे आकडे कसे काम करतात ते पाहायला हवे. त्यासाठी आफ्रिका खंडातील झांबिया या देशाचा धागा मी लेखभर हाती धरणार आहे, कारण आंतरराष्ट्रीय कर्जाचे जवळजवळ सगळे प्रकार आणि त्यांचे परिणाम या एका देशाने अनुभवले आहेत.

कर्ज देणारे कोण

नाणेनिधी आणि जागतिक बँक या दोन्ही संस्थांची आखणी जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे भरलेल्या परिषदेत झाली. त्यांची कामे वेगळी आहेत. ज्या देशाकडील परकीय चलन संपत आले आहे, आयातीचे आणि जुन्या कर्जाचे पैसे चुकते करणे ज्याला अशक्य झाले आहे, त्याला सावरण्यासाठी नाणेनिधी कर्ज देतो. जागतिक बँक दीर्घ मुदतीची कर्जे देते. ती कधी रस्ते, शाळा, लसीकरण अशा ठरावीक प्रकल्पांसाठी असतात, तर कधी काही धोरणात्मक बदल केल्याच्या बदल्यात थेट अंदाजपत्रकाला आधार म्हणून असतात. अतिगरीब देशांना अगदी कमी व्याजाने किंवा बिनव्याजी पैसा मिळावा म्हणून १९६० मध्ये बँकेअंतर्गत आंतरराष्ट्रीय विकास संघटना स्थापन झाली. यांच्याशिवाय प्रादेशिक विकास बँका आहेत, चीनसारखी कर्ज देणारी सरकारे आहेत आणि रोखे विकत घेणारे खासगी गुंतवणूकदारही आहेत.

या सगळ्यांत नाणेनिधीचे स्थान वेगळे आहे, आणि ते त्याने दिलेल्या रकमेवरून कळत नाही. अडचणीत आलेल्या देशाशी नाणेनिधीचा करार झाला नसेल तर इतर सावकार जुन्या कर्जाची मुदत वाढवायला किंवा नवे पैसे द्यायला सहसा तयार होत नाहीत. त्यामुळे नाणेनिधीचे कर्ज लहान असले तरी त्याच्या अटी मोठ्या ठरतात, कारण बाकीचे दरवाजे त्याच्या सहीनंतर उघडतात. शिवाय तिथे मतदान ‘एक देश, एक मत’ असे नसून आर्थिक वजनाशी जोडलेल्या हिश्शाप्रमाणे होते. एकट्या अमेरिकेकडे साधारण साडेसोळा टक्के मते आहेत आणि सर्वांत महत्त्वाच्या निर्णयांना ८५ टक्के मते लागतात, म्हणजे अमेरिकेच्या संमतीशिवाय ते निर्णय होऊ शकत नाहीत. कर्ज घेणाऱ्या देशांची संख्या मोठी असली तरी त्यांचा आवाज लहान आहे.

अट प्रत्यक्षात कशी असते

नाणेनिधीचे कर्ज एकरकमी मिळत नाही. सरकार एक इरादापत्र लिहिते, त्यावर बहुधा अर्थमंत्री आणि मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर सही करतात, आणि पुढील तीन-चार वर्षांत काय करणार हे त्याला जोडलेल्या तक्त्यांत लिहून देतात. त्यानंतर ठरावीक काळाने आढावा होतो आणि आढावा समाधानकारक झाला तरच पुढचा हप्ता सुटतो. आरोग्यमंत्री किंवा शिक्षणमंत्री यांची त्या पत्रावर सही नसते. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो, कारण ज्यांच्या खात्यांवर कराराचा सर्वाधिक परिणाम होतो ती माणसे वाटाघाटीच्या खोलीत बहुतेक वेळा नसतातच.

तक्त्यांतील अटी सारख्या ताकदीच्या नसतात. काही गोष्टी कर्ज मंजूर होण्याआधीच कराव्या लागतात. काही आकडे बंधनकारक असतात, जसे की तूट अमुक रकमेच्या वर जाता कामा नये किंवा परकीय चलनाचा साठा अमुक रकमेखाली येता कामा नये. असा आकडा चुकला तर कार्यकारी मंडळाकडून सूट मिळेपर्यंत हप्ता अडतो. काही आकडे मात्र केवळ सूचक असतात. ते चुकले तर स्पष्टीकरण द्यावे लागते, पण एवढ्यावरून हप्ता आपोआप अडत नाही. गेल्या काही वर्षांत नाणेनिधीच्या गरीब देशांबरोबरच्या करारांत सामाजिक खर्चाची किमान मर्यादा घालण्याची पद्धत आली आहे, म्हणजे आरोग्य, शिक्षण आणि गरिबांना मदत यांवरचा खर्च अमुक रकमेच्या खाली जाऊ नये असे त्यात लिहिलेले असते. ही सुधारणा खरी आहे आणि तिचे स्वागतच करायला हवे. परंतु ही किमान मर्यादा बहुतेक वेळा सूचक असते आणि तुटीची कमाल मर्यादा बंधनकारक असते. दोन्ही एकदम पाळणे अशक्य झाले तर अर्थमंत्री कोणती मोडेल, हे सांगायला अर्थशास्त्र शिकलेले असण्याची गरज नाही.

आता साध्या आकड्यांत पाहू. समजा, एका सरकारचा वर्षाचा खर्च १०० आहे. त्यातले २५ व्याजात जातात, ४० पगारांत, १५ अनुदाने आणि निवृत्तिवेतनात, १० औषधे, पुस्तके, इंधन, दुरुस्ती अशा चालू साहित्यात आणि १० नव्या बांधकामात. तूट कमी करण्यासाठी खर्च ५ ने उतरवायचा आहे. व्याज कमी करता येत नाही, कारण ते थकवले तर मूळ करारच कोसळतो. निवृत्तिवेतनाला हात लावला तर न्यायालयात जावे लागते. अनुदान काढले तर लोक रस्त्यावर येतात. मग उरतात पगार, साहित्य आणि बांधकाम. औषधांची खरेदी पुढे ढकलली तर त्या दिवशी कोणी मोर्चा काढत नाही, रिक्त पद भरले नाही तर ज्याला नोकरी मिळाली असती त्यालाही ते कळत नाही. सरकारी पगारपत्रकावर सर्वांत मोठा गट शिक्षकांचा असतो आणि त्यांच्यापाठोपाठ आरोग्य कर्मचारी येतात. त्यामुळे ‘पगारावरचा खर्च आवरा’ या निरुपद्रवी दिसणाऱ्या वाक्याचा अर्थ व्यवहारात ‘शिक्षक आणि परिचारिका कमी नेमा’ असाच होतो. कुणी तसे लिहिलेले नसते, तरीही ते घडते.

तांबे, मका आणि पहिली लाट

झांबिया १९६४ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा तांब्याच्या निर्यातीमुळे त्याच्याकडे पैसा होता. पहिले राष्ट्राध्यक्ष केनेथ कौंडा यांच्या सरकारने शाळा बांधल्या, दवाखाने उभारले आणि शिक्षण व उपचार मोफत ठेवले. १९७५ च्या सुमारास तांब्याचा भाव कोसळला, तेल महाग झाले आणि हा तात्पुरता धक्का आहे असे समजून देशाने कर्ज काढले. भाव सावरला नाही. त्यातच महागाई रोखण्यासाठी अमेरिकेने १९७९ नंतर व्याजदर झपाट्याने वाढवले आणि जगभरच्या कर्जदार देशांचे हप्ते फुगले. ऑगस्ट १९८२ मध्ये मेक्सिकोने आपण कर्ज फेडू शकत नसल्याचे जाहीर केले, आणि खासगी बँकांनी विकसनशील देशांना नवे कर्ज देणे जवळपास थांबवले.

इथून नाणेनिधी आणि जागतिक बँक यांचा काळ सुरू झाला. जागतिक बँकेने १९८० मध्येच रचनात्मक समायोजनासाठी कर्ज देण्यास सुरुवात केली होती. या शब्दाचा अर्थ असा की पैसा एखाद्या धरणासाठी किंवा रस्त्यासाठी नसून देशाने आपली आर्थिक रचना बदलावी म्हणून दिलेला असतो. चलनाचे अवमूल्यन, अनुदानात कपात, सरकारी कंपन्यांची विक्री, खुला व्यापार आणि आवरलेला सरकारी खर्च हा त्याचा साधारण मजकूर असे. डिसेंबर १९८६ मध्ये झांबियाने मक्याच्या पिठावरचे अनुदान काढले तेव्हा तांब्याच्या खाणींच्या पट्ट्यात दंगली उसळल्या, माणसे मारली गेली आणि सरकारला निर्णय मागे घ्यावा लागला. मे १९८७ मध्ये कौंडा यांनी नाणेनिधीशी फारकत घेतली आणि निर्यातीच्या निव्वळ कमाईच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम कर्जफेडीला देणार नाही असे जाहीर केले. हा मार्ग टिकला नाही. बाहेरून येणारा पैसा आटला, आणि दशक संपण्याच्या सुमारास देश पुन्हा त्याच दाराशी गेला.

या काळाचा दोष केवळ सावकारांवर टाकणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. तांब्याची मिळकत घटली होती ही गोष्ट कोणत्याही करारामुळे घडली नव्हती, आणि नोटा छापून खर्च भागवण्याचा परिणाम १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला झांबियाच्या जनतेने भोगला, जेव्हा महागाईचा वार्षिक दर १०० टक्क्यांच्या वर गेला. इतक्या महागाईत शिक्षकाचा पगार कागदावर तेवढाच राहून प्रत्यक्षात निम्मा होतो. काटकसर अटळ होती. प्रश्न एवढाच होता की तिचा भार कोणावर आणि किती वेगाने टाकायचा. १९८७ मध्ये युनिसेफने हाच मुद्दा मांडला आणि समायोजनाला मानवी चेहरा हवा, मुलांचे पोषण, प्राथमिक आरोग्य आणि शाळा यांना कपातीतून वाचवायला हवे, अशी मागणी केली.

दवाखान्याच्या दारातले शुल्क

त्याच वर्षी जागतिक बँकेने आरोग्यसेवेच्या अर्थपुरवठ्याविषयी आपले धोरण प्रसिद्ध केले आणि सरकारी दवाखान्यांत वापरणाऱ्यांकडून शुल्क घ्यावे, अशी त्यातली पहिली शिफारस होती. तिच्यामागे एक तर्क होता. सरकारकडे पैसा नाही, दवाखान्यात औषधे नाहीत, लोक तसेही खासगी औषधविक्रेत्यांना पैसे देतातच. मग थोडे शुल्क घेऊन तो पैसा दवाखान्यातच राहिला तर औषधे मिळतील आणि जे खरोखर गरीब आहेत त्यांना माफी देता येईल. त्याच १९८७ मध्ये माली देशाची राजधानी बामाको येथे आफ्रिकेच्या आरोग्यमंत्र्यांनी स्थानिक समाजाने औषधांच्या खर्चात वाटा उचलण्याची कल्पना स्वीकारली होती, हेही लक्षात ठेवायला हवे. म्हणजे ही कल्पना सर्वस्वी बाहेरून लादलेली होती असे म्हणता येणार नाही.

तर्क कागदावर चालला, दारात चालला नाही. केनियाने डिसेंबर १९८९ मध्ये शुल्क लावले, रुग्णांची संख्या एकदम घसरली आणि १९९० मध्येच त्यातला मोठा भाग स्थगित करावा लागला. गरिबांना माफी द्यायची म्हणजे गरीब कोण हे दाराशी बसलेल्या कर्मचाऱ्याने ठरवायचे, आणि त्याच दवाखान्याचे उत्पन्न शुल्कावर अवलंबून, त्यामुळे माफी क्वचितच मिळे. गोळा झालेली रक्कम एकूण खर्चाच्या मानाने किरकोळ असे. जी बाई ताप आलेल्या मुलाला दोन दिवस घरी ठेवून वाट पाहते आणि तिसऱ्या दिवशी उशीर झालेला असतो, तिची नोंद कोणत्याही महसुलाच्या तक्त्यात होत नाही.

शाळेच्या शुल्काचे परिणाम ते रद्द झाले तेव्हा सर्वांत स्पष्ट दिसले. युगांडाने १९९७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत केल्यावर एका वर्षात पटसंख्या सुमारे ३० लाखांवरून ५० लाखांच्या पुढे गेली. केनियात जानेवारी २००३ मध्ये शुल्क रद्द होताच दहा लाखांहून अधिक जादा मुले शाळेत आली. ही सगळी मुले आधी शाळेबाहेर होती, आणि त्यांना बाहेर ठेवणारी रक्कम फार मोठी नव्हती. अमेरिकी काँग्रेसने २००० मध्ये कायदा करून, प्राथमिक शिक्षण किंवा प्राथमिक आरोग्यसेवेवर शुल्क लावणाऱ्या जागतिक बँकेच्या आणि नाणेनिधीच्या कर्जांना अमेरिकेच्या प्रतिनिधीने विरोध करावा असे बंधन घातले. पुढे जागतिक बँकेनेही प्राथमिक शाळेतील शुल्काला आपला पाठिंबा नसल्याची भूमिका घेतली. शिफारस मागे घेतली गेली, पण त्या मधल्या वर्षांत शाळेत जाण्याचे वय निघून गेलेल्या मुलांना ती वर्षे परत मिळाली नाहीत.

वेतनखर्चाची मर्यादा

झांबियात सन २००० च्या सुमारास साधारण सात प्रौढांमागे एकाला एचआयव्हीची लागण झालेली होती. शिक्षक आणि परिचारिका मरत होत्या, देश सोडून जात होत्या. अशा वेळी नव्या नेमणुका वाढायला हव्या होत्या. पण २००३ मध्ये सरकारने पगारवाढ दिल्यावर वेतनखर्च ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला, नाणेनिधीचा कार्यक्रम रुळावरून घसरला आणि मोठ्या कर्जमाफीची वाट लांबली. नव्या व्यवस्थेत वेतनखर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ८ टक्क्यांच्या आत आणायचे ठरले. प्रशिक्षण पूर्ण केलेले हजारो शिक्षक घरी बसून राहिले आणि त्याच वेळी ग्रामीण शाळांत एकेका शिक्षकासमोर शंभराच्या घरात मुले बसत होती. शिक्षक नव्हते असे नाही. त्यांना नेमण्याची परवानगी आकडा देत नव्हता.

नाणेनिधीची बाजू इथेही ऐकायला हवी. एकदा नेमलेल्या शिक्षकाचा पगार तीस वर्षे द्यावा लागतो, आणि तो देण्यासाठी आलेली परदेशी मदत पुढच्या वर्षी येईलच याची खात्री नसते. शिवाय वेतनखर्च फुगवणारे नेहमी शिक्षकच असतात असे नाही. अधिकाऱ्यांचे भत्ते आणि अस्तित्वात नसलेल्या कर्मचाऱ्यांची नावे हेही खरे रोग आहेत. मात्र एकूण वेतनखर्चावर घातलेली मर्यादा या दोन्हींत फरक करत नाही, आणि भत्ते कापण्यापेक्षा नवी भरती थांबवणे सोपे असल्यामुळे औषध भलत्याच अवयवावर काम करते.

वेगळे काही करता येते हे मलावीने दाखवले. तिथली आरोग्यव्यवस्था माणसांअभावी कोलमडत असताना २००४ मध्ये ब्रिटिश सरकार आणि एड्स, क्षयरोग व हिवताप यांविरुद्धचा जागतिक निधी यांच्या मदतीने आरोग्य कर्मचाऱ्यांच्या पगारात ५२ टक्क्यांची भर घालण्यात आली आणि प्रशिक्षणाची क्षमता वाढवण्यात आली. पगार हा ‘विकासाचा खर्च’ नव्हे, असे मानण्याची देणगीदारांची जुनी सवय तिथे मोडली. २००७ मध्ये नाणेनिधीच्या स्वतःच्या स्वतंत्र मूल्यमापन कार्यालयाने आफ्रिकेतील कार्यक्रमांचा आढावा घेतला आणि आलेल्या मदतीचा मोठा भाग खर्चासाठी न योजता गंगाजळी वाढवण्यासाठी आणि देशांतर्गत कर्ज फेडण्यासाठी योजला गेला, असा निष्कर्ष काढला. त्याच वर्षी वेतनखर्चाच्या मर्यादा केवळ अपवादात्मक परिस्थितीत वापराव्यात असे नाणेनिधीने ठरवले. त्या पूर्णपणे नाहीशा झाल्या नाहीत, आणि जिथे त्या औपचारिक अट म्हणून नसतात तिथे अंदाजपत्रकाच्या अंदाजांत त्या गृहीत धरलेल्या असतात.

पुरावा काय सांगतो

या विषयावर संशोधकांत खरा मतभेद आहे. नाणेनिधीच्या अर्थतज्ज्ञांनी २०११ मध्ये केलेल्या अभ्यासात कार्यक्रम चालू असलेल्या देशांत आरोग्य आणि शिक्षणावरचा खर्च वाढल्याचे आढळले. उलट, पश्चिम आफ्रिकेतील १६ देशांच्या १९९५ ते २०१४ या काळातील करारांचा अभ्यास करणाऱ्या समाजशास्त्रज्ञांनी बंधनकारक अटींची संख्या वाढेल तसा सरकारचा दरडोई आरोग्यखर्च घटतो, असे दाखवले. २०१४ मध्ये गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन येथे इबोलाची साथ पसरली, ११ हजारांहून अधिक माणसे दगावली, आणि तिथली आरोग्यव्यवस्था इतकी दुबळी असण्यात नाणेनिधीच्या अटींचा वाटा किती यावर वैद्यकीय नियतकालिकांत जाहीर वाद झाला. नाणेनिधीने तो आरोप नाकारला.

वादाचे मूळ असे की नाणेनिधीकडे जाणारा देश आधीच आजारी असतो. करार झाला नसता तर काय झाले असते, हे थेट पाहता येत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे या मतभेदाचा एक भाग आपण काय मोजतो यावरही अवलंबून आहे. खर्चाचा एकूण आकडा वाढू शकतो आणि तरीही लोकसंख्या, महागाई आणि साथ यांच्या मानाने प्रत्येक रुग्णामागे असलेल्या परिचारिका कमी होऊ शकतात.

कल्पनांचे कर्ज

जागतिक बँकेचा प्रभाव केवळ अटींतून येत नाही. गरीब देशाच्या शिक्षण खात्यात स्वतःची आकडेवारी तयार करण्याची ताकद नसते, बँकेचे तज्ज्ञ अहवाल तयार करतात, आणि त्यातली मोजपट्टी देशाचे धोरण बनते. १९८० च्या दशकात बँकेने शिक्षणाच्या प्रत्येक पातळीवर गुंतवलेल्या पैशाचा परतावा मोजला. प्राथमिक शिक्षणाचा परतावा सर्वाधिक आणि उच्च शिक्षणाचा कमी, असा निष्कर्ष निघाला. त्यामुळे पैसा प्राथमिक शाळांकडे वळावा आणि विद्यापीठांनी विद्यार्थ्यांकडून खर्च वसूल करावा, असा सल्ला दिला गेला. प्राथमिक शाळांना त्याचा फायदा झाला, पण आफ्रिकेतील विद्यापीठांची ग्रंथालये आणि प्रयोगशाळा वर्षानुवर्षे ओस पडल्या, प्राध्यापक निघून गेले. प्राथमिक शाळेला शिक्षक लागतात आणि ते घडवणारी माणसे विद्यापीठातच तयार होतात, ही गोष्ट त्या मोजपट्टीत बसत नव्हती. सन २००० मध्ये जागतिक बँक आणि युनेस्को यांनी बोलावलेल्या तज्ज्ञांच्या गटाने उच्च शिक्षणाकडे झालेले हे दुर्लक्ष मान्य केले.

सल्ला किती महाग पडू शकतो याचे उदाहरण आफ्रिकेतील लेसोथो या छोट्या देशाच्या राजधानीत, मासेरूमध्ये आहे. जागतिक बँक गटातील आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाच्या सल्ल्याने तिथे सरकारी-खासगी भागीदारीत एक मोठे रुग्णालय उभे राहिले आणि २०११ मध्ये सुरू झाले. उपचारांचा दर्जा सुधारला. पण करारानुसार खासगी समूहाला द्यायची रक्कम वाढत गेली. ऑक्सफॅम या स्वयंसेवी संस्थेने २०१४ मध्ये ती देशाच्या आरोग्यखर्चाच्या निम्म्याहून अधिक असल्याचे म्हटले, नंतरचे अंदाज एक तृतीयांशाच्या आसपास होते. कमी अंदाज धरला तरी एका शहरातील एका रुग्णालयाने डोंगराळ भागातील दवाखान्यांचा घास घेतला. २०२१ मध्ये सरकारने तो करार संपवला.

माफी आणि नवे सावकार

सर्वाधिक कर्जबाजारी गरीब देशांसाठी १९९६ मध्ये कर्जमाफीची योजना आली, १९९९ मध्ये ती वाढवली गेली आणि २००५ मध्ये नाणेनिधी, जागतिक बँक व आफ्रिकी विकास बँक यांच्याकडची जुनी कर्जेही माफ करण्याचे ठरले. झांबियाचे बाह्य कर्ज सुमारे ७ अब्ज डॉलरवरून अर्ध्या अब्जाच्या आसपास आले. एप्रिल २००६ मध्ये सरकारने ग्रामीण भागातील आरोग्य केंद्रांतले शुल्क रद्द केले. हप्त्यातून सुटलेला पैसा दवाखान्याच्या दारापर्यंत पोहोचल्याचे इतके सरळ उदाहरण क्वचितच सापडते.

त्यानंतर व्याजदर जगभर खाली आले आणि रोखे विकत घेणारे गुंतवणूकदार झांबियाकडे आले. देशाने २०१२ मध्ये ७५ कोटी, २०१४ मध्ये १०० कोटी आणि २०१५ मध्ये १२५ कोटी डॉलरचे रोखे विकले, शिवाय चीनकडून रस्ते आणि वीजप्रकल्पांसाठी कर्जे घेतली. या सावकारांनी शाळा-दवाखान्यांविषयी कोणतीही अट घातली नाही, आणि अनेकांना ते स्वातंत्र्य वाटले. पण अट नसलेल्या कर्जाला व्याज असते, ते जास्त असते, आणि वर दिलेल्या हिशेबातील २५ चा आकडा ३० किंवा ४० झाला की बाकीच्या रकान्यांचे काय होते ते वेगळे सांगायला नको. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ मध्ये दिलेल्या आकडेवारीनुसार जगातील ३३० कोटी माणसे अशा देशांत राहतात, जिथले सरकार आरोग्यापेक्षा किंवा शिक्षणापेक्षा व्याजावर जास्त पैसे खर्च करते. नोव्हेंबर २०२० मध्ये, कोविडच्या साथीत, झांबियाने रोख्यांवरचे व्याज थकवले.

पुढे जे घडले त्यामुळे मला माझी काही जुनी मते तपासून पाहावी लागली. ऑगस्ट २०२१ मध्ये निवडून आलेल्या हाकाइंडे हिचिलेमा यांच्या सरकारने २०२२ पासून माध्यमिक स्तरापर्यंतचे सरकारी शिक्षण मोफत केले आणि त्या एका वर्षात सुमारे ३० हजार शिक्षक आणि ११ हजार आरोग्य कर्मचारी नेमले. ऑगस्ट २०२२ मध्ये नाणेनिधीने या देशाला १.३ अब्ज डॉलरचे कर्ज मंजूर केले, आणि ही भरती अडवण्याऐवजी तिला कार्यक्रमाचा भाग मानले. इंधन आणि शेतीवरच्या अनुदानांतून पैसा काढून तो आरोग्य-शिक्षणाकडे वळवायचा, अशी त्यामागची मांडणी होती. ज्या देशात वीस वर्षांपूर्वी ८ टक्क्यांच्या मर्यादेमुळे प्रशिक्षित शिक्षक घरी बसले, त्याच देशात त्याच संस्थेच्या कार्यक्रमाखाली ही भरती झाली. सरकार आपला प्राधान्यक्रम आधीच ठरवून, आकडे मांडून वाटाघाटीला गेले तर करार वेगळा होऊ शकतो, एवढे यावरून निश्चित दिसते. इंधन महाग झाल्याचा भार मात्र ज्या कुटुंबांची मुले आता मोफत शिकत होती त्यांच्यावरही पडला.

रोखेधारकांशी तडजोड व्हायला २०२४ उजाडले. त्यांनी येणे रकमेतला काही भाग सोडला, मुदत वाढवून दिली, आणि त्याबरोबर नव्या रोख्यांपैकी एकात एक कलम घालून घेतले. झांबियाची अर्थव्यवस्था अपेक्षेपेक्षा चांगली सावरली, कर्ज पेलण्याची तिची क्षमता ठरलेल्या निकषांनुसार वाढली, तर त्या रोख्याची फेड लवकर आणि अधिक व्याजाने करावी लागेल, असे ते कलम आहे. त्यातही ‘शाळा’ आणि ‘दवाखाना’ हे शब्द कुठेच नाहीत.